पिलांच्या खोलीतला सर्वेक्षक

शेतकऱ्यांना शहाणं करून सोडण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा अख्ख्या ऑफिसात एकट्या मलाच आश्चर्य वाटलं नाही. साथ सुरू होऊन तीन महिने झाले होते. या तीन महिन्यांत मी इतकं वाचलं होतं, इतकं पुढे पाठवलं होतं आणि घरच्यांना इतकं ऐकवलं होतं, की मधल्या दोन-चार परीक्षा कुणी घेतल्या असत्या तर एव्हाना डॉक्टर झालो असतो. आमच्या कृषी कार्यालयाच्या जिन्यात 'हात कसे धुवावेत' हा आठ चित्रांचा तक्ता लावला आहे, तो माझाच. सातव्या चित्रातला अंगठा भलत्या बाजूला आला आहे, पण त्याने धुण्यात काही फरक पडत नाही.

तर परिपत्रक आलं. 'साथरोगकाळात शेतकऱ्यांची जागरूकता व प्रतिबंधात्मक सवयी यांचे सर्वेक्षण.' सात पानं, अठ्ठेचाळीस प्रश्न, शंभर गुण. ज्या गावाची सरासरी पन्नासच्या खाली भरेल, त्या गावाचा आठवडी बाजार सहा आठवडे बंद.

साहेबांनी विचारलं, "कोण जाईल?" आणि सगळ्या माना एकदम फायलींत गेल्या. जावक कारकून, म्हणजे माझ्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणारा माझा जुना दोस्त, त्याला तर नेमकी शिंक आली. मी हात वर केला.

"तीन दिवसांत करतो, साहेब."

"दोन दिवसांत करा," साहेब म्हणाले. माझ्यावर त्यांचा विश्वास आहे, तो असा.

मी गावाकडे जाणार ही बातमी आमच्या इमारतीत माझ्याआधी पोचली. तळमजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरकाकांनी दाराची कडी कोपराने कशी उघडायची याचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि त्यात स्वतःचा कोपर सोलून घेतला. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी वाफेचं यंत्र आणून दिलं आणि दर दोन तासांनी वाफ घ्यायला बजावलं. स्कूटरवर वाफ कशी घेणार, हे त्यांना विचारण्याची सोय नव्हती. इमारतीच्या सेक्रेटरींनी तर लेखी कळवलं, की परत आल्यावर कपडे जिन्याखाली उतरवून मगच वर यावं. त्यानंतर वर कोणत्या अवस्थेत यावं, याबद्दल पत्रात काही नव्हतं.

मी सगळ्यांचं ऐकलं. रेनकोट, त्याच्या आत फुलशर्ट, दोन मास्क, त्यावर प्लास्टिकचा पडदा, डोळ्यांना इंजिनिअरकाकांच्या नातवाचा पोहण्याचा चष्मा आणि हातांत रबरी मोजे.

"अहो, तुम्ही प्रश्न विचारायला चाललाय की मधमाश्यांचं पोळं काढायला?" बायको म्हणाली. ती शाळेत शिकवते आणि हल्ली स्वयंपाकघरातल्या टेबलावरून वर्ग घेते, त्यामुळे तिचा आवाज कायम शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा असतो. आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलंय?" सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी मला ओळखलं नव्हतं, म्हणजे बंदोबस्त चोख होता.

गावाच्या तोंडाशीच एक पोल्ट्री लागली. तारेचं कुंपण, फाटक, फाटकासमोर जमिनीत बांधलेलं एक उथळ टाकं आणि त्यात जांभळट पाणी. मी चष्मा पुसत फाटकाला हात घातला, तोच आतून आवाज आला.

"तिथेच थांबा!"

वीसेक फुटांवर साठीच्या एक बाई उभ्या होत्या. तोंडावर धुऊन धुऊन विटलेलं फडकं, पायांत गमबूट, हातात वही. अख्खं गाव त्यांना मावशी म्हणतं, हे मला नंतर कळलं. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा म्हणतात.

"मी कृषी कार्यालयातून आलोय," मी अधिकाराने सांगितलं.

"कुठूनही या. आधी बूट त्या पाण्यात बुडवा."

"चामड्याचे आहेत हो."

"मग काढून बाहेर ठेवा."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी दारात अनवाणी केलं नव्हतं. पण ऊन वाढत होतं आणि अकरा शेतकऱ्यांचे फॉर्म भरून घ्यायचे होते. मी बूट काढले. मावशींनी वही उघडली आणि माझंच सर्वेक्षण सुरू केलं. नाव, गाडीचा नंबर, आल्याची वेळ.

"याआधी कुठे होतात?"

"ऑफिसात."

"तिथे कुणी आजारी?"

"छे! म्हणजे आमच्या जावक कारकुनाला जरा शिंका येताहेत. पण ते नेहमीचंच."

मावशींनी तेही लिहून घेतलं. मग माझ्याकडे वरून खाली एकदा पाहिलं आणि फाटकाबाहेरच्या एका स्टुलाकडे बोट दाखवलं. "तुम्ही आत नाही यायचं. तिथेच बसा. माणसं मी इथेच बोलावते, लांब उभी राहतील. काय ते ओरडून विचारा."

हा अपमान मी कामासाठी गिळला.

पहिला मान मावशींचा. विषाणू म्हणजे काय, या पहिल्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "डोळ्याला दिसत नाही, पण बुटाला चिकटून आत येतं ते." छापील चार उत्तरांत बुटाचा उल्लेख नव्हता. शून्य. हात किती सेकंद धुता? "सेकंद कोण मोजतंय? कोपरापर्यंत धुते, नखं घासते, शेडमध्ये शिरताना आणि निघताना." पर्याय होते दहा, वीस, तीस आणि 'सांगता येत नाही'. मी शेवटच्यावर खूण केली. शून्य.

"सामाजिक अंतर या संकल्पनेशी आपण परिचित आहात का?" मी घसा ताणून विचारलं.

"काय?"

"सामाजिक! अंतर! संकल्पना!"

"नाही हो, ते काय ते आम्हाला नाही माहीत," मावशी वीस फुटांवरून ओरडल्या. मी 'नाही' लिहिलं.

"आजाराविषयीची माहिती आपल्याला कुठून मिळाली? टीव्ही, वर्तमानपत्र की मोबाईल?"

"कोंबड्यांकडून."

"कोंबड्या हा पर्याय नाही, मावशी."

"नसेल तर घाला की."

सरकारी फॉर्ममध्ये कोंबड्या घालायचा अधिकार मला नाही, हे मी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं.

त्यानंतर तात्या आले. हे टोमॅटोवाले. उंच, सावकाश बोलणारे, आणि ज्यांच्या चेहऱ्यावरून ते हसताहेत की नाही ते कळत नाही अशांपैकी. त्यांच्या शेतात तोडणीला माणसं एक ओळ सोडून एक उभी करतात, प्रत्येकाचा क्रेट वेगळा, पाण्याच्या बाटलीला ज्याच्या त्याच्या रंगाचा दोरा. हे सगळं ते मला सांगत होते आणि मी त्यांना पुनःपुन्हा मूळ प्रश्नावर आणत होतो. मूळ प्रश्न होता, मास्क तीन पदरी आहे का. त्यांचा दोन पदरी होता.

"साहेब, एक विचारू?" तात्या म्हणाले. "तुम्ही पान उलटताना मोजा काढता, मास्क खाली करता आणि बोट जिभेला लावता. हे कितव्या प्रश्नात बसतं?"

"रबरी मोज्याने पान सुटत नाही," मी म्हणालो. "सवय आहे ती माझी."

"प्रतिबंधात्मक?"

मी पुढचा प्रश्न विचारला. तात्यांना चौदा गुण पडले. सही करायला मी पेन पुढे केलं, तर तेही त्यांनी घेतलं नाही. मावशींसकट सगळे अकराजण 'तुम्हीच लिहा आमचं नाव' म्हणाले. त्याची नोंदही मी 'असहकार' अशी करून ठेवली.

दुपारपर्यंत बेरीज झाली. सरासरी एकोणीस. दोन दिवसांचं काम मी एका दिवसात उरकलं होतं, आणि माणसाला आपलं कौतुक वेळच्या वेळी व्हावं असं वाटतंच. मी तिथूनच साहेबांना फोन लावला. "एकोणीस, साहेब!"

"शाबास," साहेब म्हणाले. "पुढच्या गुरुवारी बाजार बंदचा आदेश काढतो. फॉर्म आल्यावर जोडून घेऊ."

फोन खिशात ठेवताना माझ्या लक्षात आलं, की तात्या अजून तिथेच उभे आहेत.

"माझा माल पुढच्या आठवड्यात तोडायला येतो," ते म्हणाले. "टोमॅटो सहा आठवडे थांबत नाहीत, साहेब. झाडावरच जातील."

"आणि कोंबड्यांनाही सांगावं लागेल, की सहा आठवडे अंडी देऊ नका," मावशी म्हणाल्या. त्या विनोद करत नव्हत्या.

मी त्यांना नियम समजावला. आकडा हा आकडा असतो, त्यात कुणाचा आकस नसतो, वगैरे. बोलता बोलता पुन्हा फोन वाजला. ऑफिसचा होता. जावक कारकुनाचा अहवाल आला होता आणि त्या शिंका नेहमीच्या नव्हत्या. गेला आठवडाभर आम्ही एका टेबलावर डबे उघडत होतो आणि दोघांत मिळून एक पेन वापरत होतो. तेच पेन आत्ता माझ्या खिशाला होतं.

बायकोला फोन केला. तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतच पोचेल इतका खाली आला, हे आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडलं. मग म्हणाली, "हे बघा, इथे दोन खोल्या, एक न्हाणीघर आणि आईचं वय ब्याऐंशी. आम्ही दोघी आजच तपासून घेतो. पण तुम्ही घरी यायचं नाही. तुम्हीच रोज सांगत होता ना?" तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन आला. इमारतीने तातडीची सभा घेऊन मला शुभेच्छा देण्याचा आणि आत न घेण्याचा असे दोन ठराव एकमताने मंजूर केले होते.

मी अनवाणी, रेनकोटात, स्टुलावर बसलो होतो. मावशींनी लांबूनच सगळं ऐकलं होतं, कारण फोनवर मीसुद्धा ओरडूनच बोलतो.

"ती कडेची खोली बघा," त्या म्हणाल्या. "नवीन पिलं आली की आधी तिथे ठेवते. सध्या रिकामी आहे, चुना मारलेला आहे, बाजूला मोरी आहे. पिलांना मी दहा दिवस वेगळं ठेवते. तुमच्यात किती सांगतात?"

"चौदा."

"मग चौदा. आजचा धरून."

"पण मावशी, मी काही पिलू नाही."

"आजारी खुराड्यातून आलेलं पिलू असता, तर फाटकातूनच परत पाठवलं असतं."

असा मी पिलांच्या खोलीत राहायला गेलो. खाट होती, स्वच्छ चादर होती आणि भिंतीवर पिलांना ऊब देणारा एक मोठा दिवा होता, तो लावू नये अशी मी विनंती केली. जेवण दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवलं जाई, मावशी वीस फूट मागे जाऊन हाक मारीत, मग मी बाहेर येऊन ताट घेई. खाण्यापिण्याची नोंद वहीत होई. 'पाणी दोन तांबे. जेवण अर्धं. आवाज बारीक.' दिवसातून दोनदा तपासणी.

"बाहेर या. उभे राहा. जरा चालून दाखवा."

मी चालून दाखवत असे.

"मान वर. हं. डोळे बरे आहेत."

मला बढतीला पाच महिने राहिले होते, आणि मी एका पोल्ट्रीच्या अंगणात मान वर करून फेऱ्या मारत होतो. फोनवरून वहिनी वाफेची चौकशी करत होत्या. इंजिनिअरकाकांनी खोलीला खिडक्या किती, वारा कोणत्या दिशेचा, असं विचारून एक आकृती काढून पाठवली. तिच्याप्रमाणे माझी खाट छताला लागत होती.

तिसऱ्या दिवशी ताप आला. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई आल्या, नाकात काडी घालून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की मला लागण झाली आहे. घरच्या दोघींची तपासणी मात्र चांगली आली होती.

मी घाबरलो. इतके दिवस लोकांना आजाराची लक्षणं पाठ म्हणून दाखवत होतो, ती आता एकेक करून मोजायला लागलो. श्वास मोजला. पुन्हा मोजला. बायकोला फोन करून विम्याची फाईल कोणत्या कपाटात आहे ते सांगितलं, तर ती रडायला लागली, आणि मग मीही रडलो.

त्या दुपारी मावशी लांब स्टूल टाकून बसल्या त्या उठल्याच नाहीत. मला बोलायचं त्राण नव्हतं, म्हणून त्याच बोलल्या. आठ वर्षांपूर्वी खाद्याची गाडी आली होती. ड्रायव्हर घाईत होता, दुसऱ्या पोल्ट्रीवरून तसाच आला आणि त्याच बुटांनी शेडमध्ये शिरला. आठवड्यात दोन हजार पक्षी गेले. मावशींनी स्वतः खड्डे काढले. "त्याला मी थांबा म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "भिडस्तपणा केला. तेव्हापासून कुणाची भीड ठेवत नाही. तात्या आणि बाकीचे माझं बघून शिकले. तुमची साथ यायच्या आधीच आम्ही हे सगळं करत होतो."

"तुम्ही मला हे फॉर्म भरताना का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

दोन दिवसांनी ताप उतरला. वहीत 'जेवण पूर्ण' अशी नोंद झाली आणि मावशींनी ती मला मोठ्याने वाचून दाखवली. मी म्हटलं, वाचताच आहात तर मागचंही वाचा. वही माझ्या हातात देता येत नव्हती, म्हणून त्यांनी लांबूनच पानामागून पान वाचलं. कोण आलं, कुठून आलं, कुणाला परत पाठवलं, कधी काय धुतलं. माझे अठ्ठेचाळीस प्रश्न त्या वहीत होते, फक्त उत्तरं आधी लिहिलेली होती. मला स्वतःची शरम वाटली. फॉर्मच्या भाषेत सांगायचं तर 'पुष्कळ'.

मी साहेबांना फोन लावला. "साहेब, ते एकोणीस चुकलंय."

"बेरीज चुकली?"

"बेरीज बरोबर आहे. प्रश्न चुकलेत."

"प्रश्न वरून आलेत," साहेब म्हणाले. "वरून आलेले प्रश्न चुकत नसतात. तुमचं काही म्हणणं असेल तर लेखी द्या. गुरुवारी मी सही करणार."

फॉर्मच्या सातव्या पानावर 'सर्वेक्षकाची निरीक्षणे' असा एक रकाना असतो. सहा ओळींचा. सव्वीस वर्षांत मी तिथे 'निरंक' याशिवाय काही लिहिलं नव्हतं. मंगळवारी सबंध सकाळ मी त्या सहा ओळींवर घालवली, त्या पुरल्या नाहीत, म्हणून समासात आडवं लिहिलं. शेवटी उतरलं ते असं:

'सर्वेक्षणकाळात या गावात रोगाचा एक रुग्ण आढळला. तो म्हणजे प्रस्तुत सर्वेक्षक. रोग त्याने कार्यालयातून आणला. हाच फॉर्म त्याने स्वतःसाठी भरला असता त्यास शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण पडले. तो पाने उलटताना मास्क खाली करून बोट जिभेला लावतो. शेतकऱ्यांनी त्यास पहिल्या पाच मिनिटांत ओळखून वीस फुटांवर बसवले, त्याचे पेन नाकारले व पुढे सांभाळले. नर्सबाईंनी अकराही शेतकऱ्यांची दोनदा तपासणी केली. लागण शून्य. या गावाचा बाजार बंद करू नये.'

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चांगलं आहे. पण सर्वेक्षक म्हणजे कोण?"

"मीच की."

"मग नाव लिहा."

"अगं, ते सेवापुस्तकात जाईल."

"वर्गात मूल 'कुणीतरी फळा पुसला' म्हणतं ना, त्याला मी उभं करते," ती म्हणाली.

मी नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पानाचा फोटो काढून साहेबांना पाठवला आणि मग दोन दिवस जेवण पुन्हा अर्ध्यावर आलं.

गुरुवारी अकरा वाजता फोन आला. मी दारात उभा होतो. समोर मावशी होत्या, त्यांच्यामागच्या पडवीत अंड्यांचे ट्रे छतापर्यंत लागलेले. तात्या तोडणी अर्धवट टाकून आले होते. मी स्पीकर चालू केला.

"हे असं वर पाठवू?" साहेब म्हणाले.

"हो, साहेब."

"पाच महिन्यांवर बढती आहे तुमची. हे वाचून वरचे काय म्हणतील?"

"खरं आहे म्हणतील, साहेब."

"अजून सातवं पान वेगळं करता येईल. एकोणीस आहेच आपल्याकडे. मी आदेश काढतो, तुम्ही बरे होऊन या. कुणाला काही कळायचं नाही."

मी मावशींकडे पाहिलं नाही, तात्यांकडेही नाही. पाहिलं असतं तर त्यांच्याकडे बघून बोललो असं झालं असतं. "नका वेगळं करू," मी म्हणालो. "ते पान धरूनच फॉर्म पुरा होतो."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "ठीक आहे. आदेश काढत नाही. बाजार चालू राहील. बाकी तुमचं तुम्ही निस्तरा."

फोन बंद झाला. तात्यांनी दोन्ही हात जोडून डोक्यापर्यंत नेले आणि शेताकडे जवळजवळ पळतच गेले. मावशींनी तोंड फिरवलं आणि बाहीने डोळे पुसले. मला काय झालं कळलं नाही. इतका आनंद मला माझ्या पहिल्या बढतीलाही झाला नव्हता. मी उंबरा ओलांडला आणि दोन्ही हात पसरून तरातरा त्यांच्याकडे निघालो.

"मागे!" मावशी ओरडल्या.

मी जागच्या जागी थांबलो.

"पाच दिवस राहिलेत तुमचे."

"मावशी, मी ठणठणीत आहे हो. आणि आजच्या दिवशी तरी..."

"आज तर अजिबात नाही," त्या म्हणाल्या. हात फाटकाकडे नाही, माझ्या खोलीकडे रोखलेला होता. "बाजार तुम्ही उघडा ठेवलात. आता तो मला उघडा ठेवायचाय."

मी मागे वळलो, खोलीत गेलो आणि दाराला आतून कडी लावून घेतली.